भय्याचा डावा हात

पॅरामेडिकलच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता, पण वर्ग सुरू व्हायला अवकाश होता. तेवढ्यात सलाईनची सुई लावायला शिकून घेते, असं आईला सांगून मी फ्रीगंजमधल्या एका लहान नर्सिंग होममध्ये जाऊ लागले. आम्ही नानाखेड्याला राहायचो. आई म्हणाली, "इथं जवळ दवाखाने नाहीत का? इतक्या दूर कशाला जाऊन राहिली?"

"तिथं पेशंट जास्त असतात. हात लवकर बसतो," मी म्हटलं.

खरं कारण वेगळं होतं. तिथे तो माणूस काम करत होता.

आदल्या वर्षी बाबांच्या पोटात रक्तस्राव सुरू झाला आणि त्यांना इंदूरला हलवायला सांगितलं. आई पुढे ड्रायव्हरजवळ बसली. मागे बाबा, मी आणि अँब्युलन्सवरचा हा मदतनीस. वाटेत सांवेरच्या पुढे बाबांची सुई निसटली आणि दुसरी लावायला नस मिळेना. मी सलाईनची बाटली उंच धरून वाकून उभी होते. बाबांचा हात गार पडत चालला होता आणि मदतनीस कोपरापासून मनगटापर्यंत चाचपत, टोचत होता. इंदूर आलं तेव्हा बाबा गेलेले होते. आंघोळ घालताना काकांना हातावरचे निळे डाग दिसले. त्यांनी काही न विचारता त्यावर धोतर ओढलं.

तो आता या नर्सिंग होममध्ये असतो असं कळल्यावर मला त्याला एकदा नीट बघायचं होतं. पुढे काय करायचं, ते मी ठरवलं नव्हतं.

नर्सिंग होममध्ये सगळे त्याला भय्या म्हणत. त्याने मला ओळखल्याचं दाखवलं नाही. टॉवेलखाली रबरी नळी ठेवून तो शिकवायचा. "आँख से मत ढूँढो, उँगली से ढूँढो. नस दबाओगी तो वापस उठेगी."

मग मला सगळीकडे नसाच दिसायला लागल्या. टावर चौकात भाजी तोलणाऱ्याच्या मनगटावर, ई-रिक्षात शेजारी बसलेल्या बाईच्या हातावर. डोळे मिटले की बाबांचा हात यायचा, पांढरा, सपाट. माझं बोट त्यावरून फिरत राहायचं आणि खाली काही लागायचं नाही.

एका दुपारी वॉर्ड रिकामा होता. भय्याने डाव्या हाताची बाही वर केली. "पेशंट पर बाद में. पहले मुझ पर."

मी पट्टा आवळला. नस ठळक वर आली. स्पिरिटचा बोळा फिरवून सुई आत सरकवली, आणि तिच्या मागच्या टोकात रक्त उतरलं.

"सांवेर के आगे थे ना हम लोग," तो म्हणाला.

माझा हात तिथेच थांबला.

"सुई निकालो. नली रहने दो." त्याच आवाजात. मी सुई काढली, नसेत राहिलेल्या बारीक नळीवर पट्टी चिकटवली. मग तो म्हणाला, "पहले दिन ही पहचान लिया था. बोतल तुमने पकड़ी थी."

मी मराठीतच बोलून गेले, "ती नस मिळायला हवी होती का?"

त्याला मराठी कळायची. त्याने हातावरच्या पट्टीची कड दाबून बसवली. "मालूम नहीं. नया था मैं. हाथ काँप रहा था. आज लगाता तो मिलती कि नहीं, सच में मालूम नहीं."

कुणालाच मिळाली नसती, असं तो म्हणेल, नाहीतर चूक कबूल करेल, असं वाटलं होतं. यातलं एक काहीतरी घेऊन मला घरी जायचं होतं.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. थांबली नाही. "इंदूरला गेटपाशी रडत बसला होता तो," ती म्हणाली. "मीच त्याला पाणी दिलं. तुला सांगायचं राहून गेलं."

कोर्स सुरू होईपर्यंत मी त्याच्याकडेच शिकले. आम्ही पुन्हा त्या दिवसाबद्दल बोललो नाही. आता मी स्वतः अँब्युलन्सवर असते. बहुतेकदा पहिल्यांदाच सुई बसते. पण एखादा हात गार लागला की माझ्या बोटाखाली बाबांची कातडी येते. मी थांबत नाही. चाचपत राहते.