लायनेलच्या ओठांची वाट

आमच्या ऑक्सफर्डच्या मेंदू-प्रतिमा विभागात नवा माणूस आला की आधी त्यालाच स्कॅनरमध्ये घालायचं, अशी रीत. लायनेल ट्रेंचर्ड आला तेव्हा मशीन मोइराच्या ताब्यात होतं. "हलायचं नाही हं, बाळा," ती पन्नाशीच्या लायनेलला म्हणाली. गडी तसूभर हलला नाही. इतक्या मायेनं त्याला बऱ्याच वर्षांत कुणी दटावलं नसावं.

त्या प्रतिमांतून मज्जातंतूंच्या वाटा काढणारं आमचं सॉफ्टवेअर तेव्हा मोठं हट्टी होतं. मेंदूच्या प्रत्येक चिमुकल्या घनात, म्हणजे ठोकळ्यात, तंतूंची एकच दिशा मानायचं. तंतूंचे दोन जुडगे एकमेकांना छेदून गेले, की दोन्हींच्या मधे भलतीकडेच बोट दाखवायचं. त्यामुळे पायांची वाट ठीक उमटे, ओठ-जिभेची मध्येच तुटे. सगळ्यांचीच तुटे म्हणा. पण चहाच्या वेळी पडद्यावर होता लायनेलचा मेंदू, आणि माझ्या जिभेला हाड नाही.

"तरीच हा बोलत नाही," मी म्हणालो. "तोंडापर्यंत तार ओढायचीच राहून गेलीय."

सगळे हसले. मोइराही. लायनेल कपात बघत राहिला. त्याला मोइराला काहीतरी विचारायचं होतं, हे सफाईवाल्या बाईलासुद्धा ठाऊक होतं. आणि मोइरा उन्हाळा सरताच नोकरी सोडून बहिणीकडे स्कॉटलंडला निघणार, हेही.

मग त्यानं ते सॉफ्टवेअर सुधारायचा ध्यासच घेतला. एका घनात दोन दिशा मानायच्या, वेळ पडली तर तीनसुद्धा. पण पुरावा असेल तरच, नाहीतर प्रतिमेतल्या नुसत्या खरखरीलाही सॉफ्टवेअर तंतू समजायचं. दार लावून एकटाच बसे.

"काय रे, सापडलं का तोंड?" मी डोकावून विचारी.

"अजून नाही."

मोइराच्या निरोपाच्या चहाला त्यानं पडद्यावर पुन्हा आपला मेंदू लावला. वाट त्या गुंत्यातून आरपार गेली होती, मेंदूच्या कडेकडे वळून थेट ओठ-जीभ हलवणाऱ्या भागाला भिडली होती.

"आहे जोडलेली," तो म्हणाला.

मोइरा पडद्याजवळ गेली. "आहे की रे. मग बोल आता काहीतरी."

ओठांवर आलेली थट्टा मी गिळली. लायनेलनं ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"केकमध्ये लिंबू छान उतरलंय."

"मीच केलाय," मोइरा म्हणाली. ती जरा थांबली. मग कोट शोधू लागली.

तिची टॅक्सी वळली तेव्हा आम्ही सगळे खिडकीशी होतो. लायनेल पडद्यासमोर बसून, तिसऱ्या दिशेला पुरावा पुरतो का, ते बघत होता.