अठरा हात

आमच्या घराण्यात एक चाल होती. करवलीच्या परकराचं कापड नवरीच्या लुगड्याच्याच ताण्यावर विणून घ्यायचं. ताणा म्हणजे मागावर चढवलेले उभे धागे. आधी नवरीचं लुगडं, अठरा हात, आणि पुढं त्याच धाग्यांवर सहा हात करवलीसाठी. बहिणी बहिणी एका सुताच्या, म्हणून. पुण्याकडचे पाहुणे हे ऐकून हसतात. हसोत बापडे. ते आमच्या तमिळ मुलखातल्या मराठीलाही हसतात.

पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं झाली होती. मी दहा वर्षांची, अक्का एकोणीसची. अक्का उंच होती. कुंभकोणात आमच्या ओळखीपाळखीत एवढी उंच मुलगी दुसरी नव्हती, आणि ही गोष्ट लोक ती भेटेल तेव्हा तिला सांगत, जसं काही तिला ठाऊकच नव्हतं. दोन स्थळं त्या पायी परत गेली. अक्का खांदे पाडून चालायला लागली. कुठलंही लुगडं नेसली तरी घोट्याच्या वर चार बोटं राहायचं, म्हणून पाहुणे आले की ती बसूनच राही.

तिसरं स्थळ तंजावरचं आलं आणि जुळलं. मुलगा चांगला होता, तिच्याहूनही दोन बोटं उंच. पण त्याच्या आईनं जाताना दारात म्हटलंच, मुलगी जरा फारच उंच आहे, नाही? अक्कानं ते ऐकलं. मला नंतर न्हाणीपाशी गाठून म्हणाली, "मज दागिने नकोत, काही नको. त्या दिवशी लुगडं पुरलं पाहिजे गं. सगळ्यांसमोर अपुरं दिसूं नये." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा परकराची पडली होती, हे खरं सांगते.

लुगडं दारासुरमला विणायला टाकलं. तिथले रेशीमवाले विणकर आपसांत त्यांची उत्तरेकडून आणलेली जुनी बोली बोलत, ती आम्हांला अर्धीमुर्धी कळे, आणि आमची त्यांना. बाकी व्यवहार तमिळमध्ये. हळदीच्या रंगाचं अंग, कुंकवाच्या रंगाचे काठ, भरगच्च पदर. सांगायला गेली आत्या. नवरीच्या कापडाचा मान आमच्याकडे आत्याचा: तिनंच सांगायचं, तिनंच मोजायचं, तिनंच कापायचं. आत्या बुटकी, गोल, आणि तोंडाची अशी फटकळ की भाजीवाली तिला बघून टोपली झाकायची.

एका ताण्यावर दोन कापडं असली की विणकर मध्ये दोन बोटं जागा न विणता सोडतो. तिथं कात्री चालवायची, इतकं सोपं. आत्यानं ते करू दिलं नाही. लग्नाच्या कापडात खंड नको, म्हणाली. विणकर म्हणाला, मग निदान एक वेगळ्या रंगाचा धागा टाकतो खुणेला. तेही नको. मग त्यानं हात जोडले आणि म्हणाला, अम्मा, मी गजकाठीनं मोजून विणीन, तुम्ही नीट मोजून कापा. आत्यानं त्याच्याकडे असं काही बघितलं की त्यानं विषयच सोडला.

कापड घरी आलं ते अख्खं, चोवीस हात, मध्ये खूण नाही. शुक्रवारी सकाळी पाटावर बसून आत्यानं पदरापासून मोजायला घेतलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. आई हळूच म्हणाली, गजकाठी आणू का? आत्या म्हणाली, देवानं हात कशाला दिले आहेत? अठरा मोजले, कुंकू लावलं, कात्री चालवली.

आणि माझ्या वाट्याला सहाच्या जागी साडेसात हात आले! आत्या खूश. बघा, म्हणाली, विणकरानं जास्तीचं घातलंय, माझा धाक आहे त्याला. मी तर हवेतच होते. रोज दुपारी पेटीतून कापड काढायचं, कमरेभोवती धरायचं आणि गरगर फिरायचं. एवढ्या घेराचा परकर आमच्या गल्लीत कुणाचाच नव्हता. शिंपी सोमवारी आमच्या ओट्यावर मशीन घेऊन बसणार होता.

रविवारी आईनं अक्काला लुगडं नेसवून बघितलं. कासोटा खोचला आणि पदर खांद्यावर टाकला, तर तो खांद्यावरून जेमतेम वीतभर मागं गेला. अक्कानं श्वास घेतला की घसरे. आईनं सोडून पुन्हा नेसवलं. निऱ्या कमी केल्या तर कासोट्याला ताण बसून पाय दिसायला लागले. घोट्याच्या वर चार बोटं, नेहमीचीच. अक्कानं आमच्यादेखत खांदे पाडले, तेवढंच.

आईनं गजकाठी आणली आणि कापडाशेजारी आत्याचा हात ठेवला. हात दोन बोटं तोकडा. दर हाताला दोन बोटं म्हणजे अठरा हातांना छत्तीस बोटं. चोवीस बोटांचा हात. बरोब्बर दीड हात कापड माझ्या पेटीत पडलं होतं.

लग्नाला आठ दिवस. नवं विणायला वेळ नव्हता. कुणी म्हणालं, दीड हात शिवून टाका, आतलं टोक तर खोचायचंच आहे, कोण बघतं? पण मुहूर्ताच्या वस्त्राला सुई लावायची नाही, हीही आमची चाल, आणि ती गावभर सांगत फिरणारी आत्याच. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मग उठली, दोन्ही कापडं कवटाळली आणि जटका बोलवा म्हणाली. मीही त्या घोडागाडीत चढले. कुणी ये म्हटलं नव्हतं, पण पेटीतलं कापड माझं होतं ना!

दारासुरमला विणकर हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं बायकोला हाक मारली. किडकिडीत बाई, कानांच्या पाळ्यांत जड सोनं, हाताला हळदीचा वास. तिनं दोन्ही कडा बोटांत घेतल्या, उजेडाकडे धरल्या, आणि म्हणाली, सुई नको ना? मग नाही लावत. आत्याला फक्त एक विचारलं: अम्मा, तुम्ही चार दिवस बसाल का?

नवा ताणा जुन्याला जोडताना बायका धागा धाग्याला पिळतात, ते काम तिचं. पण मागावरच्या कोऱ्या धाग्यांचं ते काम तयार कापडावर करताना कुणी पाहिलं नव्हतं. तिनं माझ्या कापडातून दीड हात आणि वर थोडं कापून घेतलं. दोन्ही कडांचे आडवे धागे वीतभर उसवले, उभे धागे मोकळे झाले. बोटाला राख लावायची, इकडचा धागा, तिकडचा धागा, एक पीळ. गाठ नाही. गाठ हाताला लागते म्हणे. हजारो धागे होते. ते संपल्यावर बांबूची बारीक काडी घेऊन मधली जागा एक वर एक खाली अशी भरत आणायची. काठाचं कुंकू काठाला, अंगाची हळद अंगाला. मान वर नाही, चूक नाही, घाई नाही. आजवर मी नावाजलेले कारागीर पुष्कळ पाहिले, पण त्या बाईपुढे हात जोडावेसे वाटतात, दुसऱ्या कुणापुढे नाही.

आणि आत्या! रोज सकाळी जटक्यानं जायची आणि समोर बसून दहा-दहा धाग्यांच्या जुड्या ताणून धरायची. जुडी जरा ढिली पडली की ती बाई नुसती बघायची, आणि आत्या सावरून बसे. चार दिवस आमची आत्या कुणाच्या तरी ताब्यात होती. पाचव्या दिवशी लुगडं घरी आलं. आईनं दोन्ही बाजूंनी चाचपलं, उलटं केलं, अंगणात उन्हात धरलं. जोड दिसला नाही.

माझ्या परकराला राहिले सहा हातांहूनही कमी. मी रुसले, जेवले नाही, कुणाला पत्ताही लागला नाही. लग्नात तो इतका अरुंद झाला की कलश घेऊन मला तुरुतुरु चालावं लागलं. पण मी अक्काच्या मागं उभी होते, त्यामुळं मला सगळं दिसलं. लुगडं पावलांवर टेकलेलं, पदर कमरेखाली रुळत होता. आणि अक्का खांदे ताठ करून उभी होती. सासूबाईंनी वर बघितलं, पदर हातात घेऊन जोखला, आणि शेजारणीला म्हणाल्या की एवढं लुगडं शोभायला उंची लागते. मला त्या क्षणी परकराचं काही वाटेनासं झालं. खरंच सांगते, अक्कासारखी देखणी नवरी मी नंतर पाहिली नाही.

दहा वर्षांनी माझं लग्न ठरलं तेव्हा अक्कानं तेच लुगडं मला पाठवलं. मी गेले आत्याच्या वळणावर, बुटकी. नेसले तर लुगडं कमरेला बोळा होऊन बसे. आई म्हणाली, जोडलेले दीड हात काढून टाकू. पण जोड सापडेना. आईनं कात्री हातात घेऊन शोधला, मी शोधला, अक्का तंजावरहून आली तिनं शोधला. तिघींनी खिडकीपाशी धरून बोटं फिरवली. ते कापड एकसंध होतं.

आत्या कोपऱ्यात बसून हे बघत होती. म्हातारी झाली होती, तोंडही पहिल्यासारखं चालत नव्हतं. त्या चुकीचा विषय दहा वर्षांत तिच्यासमोर कुणी काढला नव्हता, तिनंही नाही. तिनं हात पुढं केला. आईनं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. आत्यानं पदराचं टोक धरलं, कोपर टेकवलं आणि मोजायला लागली. एक हात, दोन हात. आम्ही तिघी पुढं सरकलो. सतरा. अठरा. तिथं तिनं बोट ठेवलं आणि ते हलवलं नाही.

"इथं," म्हणाली. "माझा हात तोकडा होता, पोरी."

अक्का तिच्याजवळ खाली बसली आणि तिनं तो हात दोन्ही हातांत धरला. कात्री आईनं परत ठेवून दिली. मी ते लुगडं तसंच, अख्खं नेसले, कमरेला एवढा मोठा बोळा घेऊन.