डोमाकाकांनी काढलेली मिशी

डोमाकाका रस्त्यानं कधी सरळ चालले नाहीत. पाटी दिसली की थांबायचे, मोठ्यानं वाचायचे, आणि ती स्वतः रंगवलेली असेल तर हमखास खोड काढायचे. त्यांच्याबरोबर अड्याळच्या बाजाराला जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. "रंग ओला आहे तोवर आपला, बाबू," ते मला म्हणायचे, "सुकला का लोकायचा." गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा पाट्यांवरचं जिल्ह्याचं नाव बदलायला ते पार साकोलीपलीकडे जायचे. गावात त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं.

आमच्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, शेंदूर लावलेला एक दगड होता. कोणी त्याला माय म्हणे, कोणी बाबा. धानाच्या रोवणीआधी सगळेच त्याच्यापुढे नारळ फोडत. त्याला रोज आंघोळ घालायच्या त्या अनसूयाकाकू, काकांच्या बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. दगडाला कान नव्हतेच, तरी त्या कानामागं बोट फिरवून धुवायच्या. एकदा मी उगाच विचारलं, "काकू, हा देव आहे का देवी?"

"लेकराचं आंग धुताना पोरगा का पोरगी, काहून पाहाचं?" त्या म्हणाल्या. "पानी गरम तं नाही ना, थे पाहाचं."

पुढं गावानं दगडावर देऊळ बांधलं. विटा वाहायला मीही होतो. देवाला तोंड हवं असं ठरलं आणि काम साहजिकच काकांकडे आलं. त्यांनी मोठे डोळे काढले. "थोडा रुबाब येऊ द्या," असं सरपंच म्हणाले, म्हणून भरघोस, पीळदार मिशीही काढली. काका खूश होते. काकूही हसून म्हणाल्या, "लेकरू मोठं झालं."

वर्ष सरायच्या आत देवळाला लोखंडी दार बसलं. मिशी आहे म्हणजे देव पुरुष, शेजारी बायको नाही म्हणजे ब्रह्मचारी, तेव्हा बायांनी आत शिरू नये, असं पंचांनी ठरवलं. तशी पाटी रंगवायलाही काकांनाच सांगितलं. नाही म्हणायचं त्यांना सुचलं नाही, त्यांनी रंगवली. आम्ही सगळे तिथंच उभे होतो, एकानंही तोंड उघडलं नाही. मीही त्यातलाच, त्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या सकाळी काकू बादली घेऊन दारापाशी थांबल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "काय लिवलं?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा काकांनी एक पाटी हळू आवाजात वाचली. मग काकूंच्या हातातली बादली घेऊन ते स्वतः आत गेले. तेव्हापासून काका आत धुवायचे आणि काकू बाहेरून सांगायच्या, "कानामांगं राहून गेलं."

मिशी पुसू द्या म्हणून काका पंचांकडे गेले. देवाचं रूप बिघडवायचं पाप कोण घेणार, म्हणून पंचांनी त्यांना परत पाठवलं. मग काका रोज नारळाच्या काथ्यानं मिशी घासू लागले. "पान्यानं गेली तं कोन काय म्हनन?" ते मला हळूच म्हणाले. पण रंग त्यांनी चांगल्यातला वापरला होता. "कामात कधी लबाडी केली नाही, बाबू. थेच नडून रायलं." काकूंशी बोलताना ते खाली बघू लागले. काकूंनी त्यांना कधी बोल लावला नाही, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. "तिचं लेकरू म्याच हिसकलं," ते म्हणायचे.

काका गेले तेव्हा मिशीचं एक टोक तेवढं फिकं झालं होतं. तेरवी आटोपल्यावर काकू बादली घेऊन माझ्याकडे आल्या. मी आत गेलो, त्या दाराबाहेर बसल्या. काकांचं राहिलेलं काम आपण पुरं करावं म्हणून मी काथ्या उचलला आणि मिशीवर जोर लावला.

"हात हलका ठेव, बाबू," काकू बाहेरून म्हणाल्या. "तुह्या काकाच्या हातची आहे. आता तेवढीच रायली."