जावईबापू बसले

थोरल्या आत्याला मूलबाळ नाही, पण जावई आहे. त्याला चार पाय आहेत, आणि एकदा बसला की तो उठत नाही.

आत्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. ओल्या चादरींचे गठ्ठे यंत्रातून उपसायचे, वाळवायचे, इस्त्री मारून वॉर्डावॉर्डाला पाठवायचे, यात तिची हयात गेली. तिचे दंड अजून असे आहेत की घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडेनासं झालं, की आमच्या घरातली माणसं बरणी घेऊन तिच्याकडे जातात. एका थंडीत धुलाईखान्यात कुत्र्याचं पिल्लू शिरलं आणि नुकत्याच इस्त्री झालेल्या चादरींच्या ढिगावर जाऊन बसलं. हाकललं तरी ढिम्म. मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, "हा काय जावई लागून गेलाय?" तेव्हापासून तो जावईबापू. आत्या निवृत्त झाली तेव्हा तिला भिंतीवरचं एक घड्याळ आणि हा कुत्रा असं दोन्ही मिळालं. घड्याळ बंद पडलं. कुत्रा मात्र वाढत वाढत पारडाएवढा झाला.

आता धाकट्या आत्याबद्दल सांगतो, कारण घोडं तिथेच अडलं होतं. धाकटी टेकडीपलीकडे राहायची. आजी गेल्यावर आजीचं लाकडी कपाट तिच्या वाट्याला आलं, आणि ते तिच्या दारातून आत जाईना. तिने सुतार बोलावून कपाटाचे पाय कापून घेतले. थोरली बघायला गेली, बुटकं झालेलं कपाट पाहिलं आणि म्हणाली, "आईच्या कपाटाचे पाय कापलेस?" धाकटी म्हणाली, "मग काय दार कापायचं होतं?" झालं. दोघींचं बोलणं बंद. मी तेव्हा कॉलेजात होतो. पुढे माझं लग्न झालं, मी चष्म्याचं दुकान टाकलं, मला टक्कल पडलं, आणि कपाटाचा विषय होता तिथेच होता.

माझे वडील या दोघींचे एकुलते भाऊ. "या दोघी बोलल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांची तब्येत उत्तम आहे. ही अट त्यांनी स्वतःच्या सोयीने घातली असावी, असा मला दाट संशय आहे.

तर एके दिवशी वडिलांच्या कटकटीला कंटाळून थोरली म्हणाली, "बरं बाबा, जाईन मी तिच्याकडे. पण चालत. आणि बापूला घेऊन." मोटारीत बापूला मळमळतं. हे खरं आहे, माझ्या मोटारीची मागची सीट साक्षीला आहे. घरी एकटा ठेवला तर तो दार खातो, हेही खरं. आत्याच्या सोबतीला माझी नेमणूक झाली. मला कोणी विचारलं नाही. दुकान रविवारी बंद असतं, म्हणून रविवार ठरला.

वाट काही अवघड नव्हती. कालव्याच्या कडेने पुलापर्यंत, पुलावरून पलीकडे, रोपवाटिकेच्या कुंपणाला धरून टेकडीच्या पायथ्याशी, मग चढण, मग उतार, आणि उतार संपला की धाकटीचं घर. धड माणूस दुपारच्या आत जाऊन परत येईल. पहिल्या रविवारी आम्ही कालव्यापर्यंतही पोचलो नाही. पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर जावईबापूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि बसले.

मी दोरीला हात घातला तशी आत्या कडाडली, "ओढायचं नाही. मुक्या जनावराला ओढू नये. उठेल त्याचा तो."

आम्ही थांबलो. पंक्चरवाल्याने एक अख्खी सायकल खोलून परत जोडली. मग जावईबापू उठले, आळस दिला आणि थेट घराच्या दिशेने चालू लागले. "आज त्याच्या मनात नाही," आत्या म्हणाली, आणि आम्ही परतलो.

मी धाकटीला फोन करून सांगितलं की जमलं नाही. ती आमच्यासाठी स्वयंपाक करून बसली होती.

"का रे, काय झालं?"

"कुत्रा बसला."

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "कुठे बसला?"

पुढे दर रविवारी हेच. मी फोन करायचो आणि ती तोच प्रश्न विचारायची. मी म्हणायचो, पुलावर. ती म्हणायची, "म्हणजे पुढे सरकलाय." पुढच्या रविवारी मी म्हणायचो, परत पंक्चरवाल्याकडे. तेव्हा ती नुसतंच "अरेरे" म्हणायची. ऋतू बदलले, पण पालथ्या घड्यावर पाणी. टेकडीच्या चढणीला आमचा पाय काही लागला नाही. माझे सगळे रविवार एका कुत्र्याच्या बुडाखाली गेले, हे मी बायकोला सांगायचो तेव्हा ती हसायची, आणि मला अजिबात हसू यायचं नाही.

पण माणूस कशाचा धंदा करेल याचा नेम नाही. आम्ही ताटकळतो हे पाहून पंक्चरवाल्याने आधी आत्यासाठी स्टूल ठेवलं. मग कुत्र्यासाठी पाण्याचं टमरेल आणि बसायला पोतं. मग येणारे-जाणारे बघायला थांबू लागले म्हणून चहाची किटली. शेवटी त्याने जुन्या टायरवर पांढऱ्या रंगाने लिहून टाकलं: "जावईबापू येथे बसतात." हे कळल्यावर रोपवाटिकेच्या बाई चिडल्या. त्यांच्या मते जावईबापू त्यांच्याकडे जास्त वेळा आणि जास्त मनापासून बसत. त्यांनी कुंपणाशी सावलीचं छप्पर उभारलं, ओलं गोणपाट अंथरलं आणि शिवाय बिस्किटं ठेवली. पंक्चरवाला म्हणाला, ही लाच आहे. बाई म्हणाल्या, पाहुणचार आहे. जावईबापू बिस्किटं खाऊन पुलावर जाऊन बसले. मग पुलाच्या कठड्याशीही कोणीतरी बाक आणून टाकला.

गावच्या कचेरीतल्या एका उत्साही बाईंनी यावर कडी केली. त्यांनी या वाटेचं एक माहितीपत्रक छापलं: "कुत्र्यासोबत रमतगमत भटकंती, थांबण्याच्या उत्तम सोयींसह." त्यात नकाशा होता, आणि आमचा कुत्रा जिथे जिथे हटून बसला होता तिथे तिथे लाल ठिपका होता. "जाणकारांनी निवडलेली विश्रांतिस्थळं," असं खाली लिहिलं होतं. तो जाणकार तेव्हा माझ्या बुटावर झोपला होता.

अशातच धाकटीचा मला दुकानात फोन आला. आवाज नेहमीचाच होता. तिने घर विकलं होतं. मुलगा तिला घेऊन जाणार होता, विमानाने जावं लागतं इतक्या लांब, कायमचं. मंगळवारी निघायचं होतं.

"हा रविवार शेवटचा रे," ती म्हणाली. "कुत्र्याला सांग."

मी कुत्र्याला न सांगता आत्याला सांगितलं. ती चादर घडी करत होती. निवृत्त झाली तरी तिच्या घरातल्या चादरी रुग्णालयासारख्याच चारही कोपरे जुळलेल्या असतात. तिने ती घडी मोडली, परत घातली, परत मोडली. "बघू," म्हणाली, "बापूच्या मनात काय आहे ते." मला इतका राग आला की मी चहा न घेता उठलो. वय झालेल्या दोन बहिणी, मधे एक टेकडी, आणि निर्णय कुत्र्याने घ्यायचा.

रविवारी निघालो. कालव्याच्या रस्त्याला लागलो आणि पाहतो तर काय, जत्रा लोटलेली. माहितीपत्रक शहरात पोचलं होतं. लांब केसांचे, आखूड पायांचे, स्वेटर घातलेले असे तऱ्हेतऱ्हेचे कुत्रे आपापली माणसं घेऊन आले होते. पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर जावईबापूंच्या पोत्यावर एक पांढरं गुबगुबीत कुत्रं पसरलं होतं आणि त्याची मालकीण आत्याच्या स्टुलावर बसून चहा पीत होती. जावईबापू थांबले. पोत्याकडे पाहिलं. पंक्चरवाल्याकडे पाहिलं. पंक्चरवाल्याने नजर चुकवली, कारण त्याच्या हातात दहा-बारा कप होते. जावईबापू पुढे चालू लागले.

पुलावर बाकाच्या आसपास मुंगी शिरायला जागा नव्हती. रोपवाटिकेत तर छपराखाली एक अख्खं कुटुंब डबे उघडून बसलं होतं आणि गोणपाटावर त्यांचे तीन कुत्रे. ही सगळी मंडळी जावईबापू बसतात ती जागा पाहायला आली होती, आणि म्हणूनच जावईबापूंना कुठे बसायला जागा नव्हती. त्यांनी एकदा मोठ्याने श्वास सोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते टेकडी चढू लागले.

मला आनंद झाला. मी मागे वळून आत्याला तसं सांगणार होतो, आणि तेव्हा मला ते दिसलं. आत्या दोरी ओढत होती. मागे. ओले गठ्ठे उपसलेल्या त्या हातांनी, टाच रोवून, अख्खं वजन टाकून ती त्याला मागे ओढत होती. आणि मधेमधे दोरीला खालच्या बाजूला दोन हलके हिसके देत होती. हे हिसके मी इतक्या रविवारी पाहिले होते. मला वाटायचं तिचा हात अवघडतो.

"बस," ती हळूच म्हणत होती. "बापू, बस ना रे. दमलास तू. बस."

म्हणजे कुत्रा बसत नव्हता. बसवला जात होता. इतके दिवस तिने मला ताकास तूर लागू दिली नव्हती. मी तिला जाब विचारणार होतो, पण तिचा चेहरा दिसला. बाई घामाने भिजली होती आणि लहान मुलीइतकी घाबरली होती.

जावईबापूंनी खूण ऐकली असती एरवी. पण आम्ही माथ्यावर पोचलो आणि खालून धाकटीच्या स्वयंपाकाचा वास आला. त्या वासापुढे दोरीचं काय चालणार? त्यांनी एक हिसका दिला, दोरी आत्याच्या हातातून सुटली आणि ते उतारावरून गडगडत गेले ते थेट धाकटीच्या दारात.

आत्या काही पावलं चालली. घर समोर दिसत होतं, दार उघडं होतं. मग ती रस्त्याच्या मधोमध बसली.

"आत्या, ऊठ."

ढिम्म.

"अगं, आलं घर. चार पावलं राहिलीत."

मी तिच्या दंडाला धरलं. "ओढू नकोस मला," ती म्हणाली, आणि मी हात सोडला.

मागून एक ट्रॅक्टर आला. चालकाने आत्याला ओळखलं, इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. "बसल्या का? बसू दे, बसू दे. मी थांबतो." या वाटेवरची माणसं अशी तयार झाली होती. त्याच्या मागून शहरातले काही लोक कुत्र्यांसह उतरून आले. एका गृहस्थाने माहितीपत्रक उलटंपालटं करून पाहिलं आणि मला म्हणाला, "हे ठिकाण यात दिसत नाही."

"नवीन आहे," मी म्हटलं.

त्याने नकाशावर पेनाने खूण केली आणि आपल्या कुत्र्याला तिथेच बसायला सांगितलं. कुत्रा बसला. तो गृहस्थही बसला. बाकीचेही बसले.

तेवढ्यात धाकटी दारात आली. हात पिठाने भरलेले, शेजारी जावईबापू. तिने रस्त्याकडे पाहिलं. बसलेली माणसं, बसलेले कुत्रे, बंद ट्रॅक्टर, आणि सगळ्यांच्या मधे तिची बहीण. ती तशीच चालत आली. मी तिला वर्षभर फोनवर ऐकत होतो, पण ती इतकी म्हातारी झाली आहे हे मला फोनवर कळलं नव्हतं. थोरलीलाही ते तेव्हाच दिसलं असणार. धाकटी गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, थोरलीच्या शेजारी धुळीत बसली.

"पाय दुखतात का, ताई?"

"नाही."

"मग?"

थोरलीने समोरची धूळ चादरीसारखी तळव्याने सपाट केली. "भीती वाटते गं," ती म्हणाली. "वाटायचं, तू मला बघशील आणि दार लावून घेशील. म्हणून मीच त्याला बसवायचे. दर खेपेला."

धाकटीने पिठाचे हात पदराला पुसले. ते पुसून झाले तरी ती पुसतच राहिली.

"मलाही वाटायची," ती म्हणाली. "मी तर उंबऱ्याबाहेरसुद्धा नाही पडले. आणि मला तर सांगायला कुत्राही नव्हता."