झांज नावाची आत्या

गोंडपिपरीच्या चौकात चहाला बसलं की माझ्या ओळखीचा एक ड्रमवाला टेबलावर बोटं वाजवतच असतो. लग्नाच्या बँडमध्ये तो ड्रमसेट वाजवतो, पण हात रिकामे असले की त्याला बिस्किटांचा डबा, माझं हेल्मेट, काहीही चालतं. एकदा मी वैतागून म्हणालो, "भाऊ, चहा तरी शांतपणे पिऊ द्या."

"मी कुठी काई करून राह्यलो? हातच करून राह्यले," तो म्हणाला.

ड्रम त्याला गुणी वाटतात, कारण ते मारल्याशिवाय बोलत नाहीत. त्याच सेटवरच्या पितळी झांजांना मात्र तो वचकून असतो. "हे माही आत्या होय," तो सांगतो. "जरासा धक्का लागला का बोललीच समजा. अन् एकदा सुरू झाली का लवकर थांबत नाई."

यंदा उन्हाळ्यात माझी आई गेली. तिसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतून वरात निघाली. दुखवट्याचं घर म्हणून बँड कोपऱ्यावरच वाजायचा थांबला आणि वऱ्हाडी गुपचूप चालू लागले. मी दारात बसलो होतो. मागून ड्रमसेटचा टेम्पो आला. वर तो बसला होता. काड्या त्याने दातांत धरल्या होत्या आणि दोन्ही हातांनी दोन झांजा गच्च आवळल्या होत्या.

आमच्या दारापुढच्या खड्ड्यात टेम्पो दणकन आदळला. त्याचा गुडघा लोखंडी कठड्यावर आपटला, तोंड वाकडं झालं, पण हात सुटले नाहीत.

आत्या एक शब्द बोलली नाही.