मर्व्ह पोलिसांत हजर झाला

मर्व्हिन फिट्झनर आमच्या कुंपणापलीकडे राहतो. टंबी बे या आमच्या ऑस्ट्रेलियातल्या गावात त्याला सगळे मर्व्हच म्हणतात. जन्मभर गहू पिकवला, मग शेत मुलीच्या हवाली करून तो आणि त्याची बायको ग्लेनिस इथे समुद्रकाठी राहायला आले. गावच्या अग्निशामक स्वयंसेवकांचा तो कॅप्टन. वणव्यात ट्रक घालताना त्याचा आवाजसुद्धा चढत नाही. त्या हिवाळ्यात मात्र हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

आधी त्याचं धक्क्यावर गळ टाकायला जाणं बंद झालं. मग एक दिवस कुणाच्या तरी कुत्र्याबद्दल तक्रार गेली म्हणून पोलिसांची गाडी आमच्या रस्त्यावर आली. मर्व्ह अंगणात गुलाब छाटत होता. हातातली कात्री तिथेच टाकून तो कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला, तो गाडी जाईपर्यंत बाहेर आला नाही.

"काय रे, अंडी उबवतोयस का?" मी कुंपणावरून ओरडले.

एरवी त्याने मला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी तो कात्री उचलून सरळ घरात गेला. चेहरा पांढराफटक, केसांत पेंढा.

त्याच आठवड्यात तो सकाळीच माझ्या दारात उभा. हातात कापडी पिशवी.

"मला पोलीस स्टेशनवर सोडशील? माझे हात कापतायत, गाडी चालवायचा भरवसा नाही. आणि ग्लेनिसला यातलं काही बोलू नकोस."

पिशवीत दाढीचं सामान होतं, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि एक लोकरी बनियन. "कधी सोडतील कुणास ठाऊक," तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर हळूहळू सगळं बाहेर आलं. तो संगणकावर वारा आणि भरती-ओहोटी बघत होता. अचानक पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट आली. तिच्यावर पोलिसांचं चिन्ह आणि मजकूर: या संगणकावर घाणेरडी चित्रं सापडली आहेत, दंड भरा नाहीतर अटक होईल, खाली फोन नंबर. त्याने चौकट बंद केली तर दुसरी आली. दुसऱ्या दिवशी आणखी. शिवाय तो चहा करायला उठला की परत येईपर्यंत संगणक आपोआप बंद पडलेला असायचा.

"म्हणजे त्यांचा हात आत पोचलाय," मर्व्ह कुजबुजला. गाडीत आम्ही दोघंच होतो, तरी. "मी तसलं काही बघितलेलं नाही गं. पण कोण विश्वास ठेवणार? म्हातारा माणूस, घरात संगणक... ग्लेनिस काय म्हणेल? नातींना माझ्याकडे पाठवतील का?"

मी गाडी चालवत राहिले. असं काही खरंच असतं की नसतं, मला तरी कुठे ठाऊक होतं?

स्टेशनात टॅमसिन होती, आमची कॉन्स्टेबल. मर्व्हने पिशवी काउंटरवर ठेवली.

"मी हजर व्हायला आलोय."

"कशासाठी, मर्व्ह?"

पोरीच्या वयाच्या बाईसमोर त्याला ते बोलवेना. शेवटी मीच सांगितलं.

टॅमसिन हसली नाही. तिने आधी विचारलं, "त्या नंबरवर फोन केलात?"

"नाही."

"कार्डाचा नंबर, पासवर्ड, काही दिलंत कुणाला?"

"नाही. मी नुसता घाबरून बसलो."

"फार चांगलं केलंत. आता खुर्चीवर बसा." तिने सुस्कारा सोडला. "पोलिसांना तुम्ही हवे असाल ना, तर मी स्वतः येऊन दार वाजवीन. पडद्यावर चौकटी पाठवत बसणार नाही. हे लुबाडणारे लोक आहेत. ज्याला त्याला हेच पाठवतात."

"पण तो बंद पडतो..."

"त्याचं मला सांगता यायचं नाही. चौकटींचं मात्र सांगते. कुठल्या तरी साइटने विचारलं असेल, 'सूचना पाठवू का?' आणि तुम्ही ती ब्याद जावी म्हणून 'हो' दाबलं असेल."

मर्व्हने मान खाली घातली. "भरती-ओहोटीच्या पानावर विचारलं होतं."

त्या साइटची परवानगी ब्राउझरमध्ये कुठे काढून घ्यायची, ते तिने मला दाखवून दिलं. मर्व्हने काउंटरवरची पिशवी उचलली आणि आम्ही निघालो.

घरी पोचलो तर ग्लेनिस पायरीवर उभी. तिची नजर थेट पिशवीवर.

"कुठे गेला होतास? बनियन घेऊन?"

त्याने सांगितलं. सगळं, एका दमात, जमिनीकडे बघत. ती मटकन पायरीवर बसली.

"अरे देवा. मला वाटलं ते माझ्यामुळे आलंय."

"तुझ्यामुळे?"

"मी गोधडीचे नमुने शोधत होते, तर तीच चौकट. तू बघितलंस तर तुला काय वाटेल, म्हणून तू उठलास की मी भिंतीतला प्लगच काढून टाकायची."

"तू काढायचीस? ग्लेनिस! मला वाटलं पोलीस बंद करतायत!"

ती हसायला लागली, मग हसता हसता रडायला. मर्व्ह तिच्याशेजारी बसला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग आम्ही तिघं संगणकासमोर बसलो. लाल चौकट आलीच, आणि आम्ही तिघंही दचकलो. ग्लेनिसने माउस हातात घेतला आणि टॅमसिनने दाखवलेलं मी सांगत गेले तसं परवानग्यांचं पान उघडलं. तिथे भरती-ओहोटीवाल्यांच्या शेजारी गोधड्यांचं पानही बसलं होतं. दोन्ही काढून टाकली. मर्व्ह खुर्चीच्या कडेवर बसून पडद्याच्या त्या कोपऱ्याकडे टक लावून बघत होता. चौकट पुन्हा आली नाही. तरी नंतर कित्येक दिवस संगणक उघडताना ग्लेनिस शेजारी लागायची त्याला.

पुढच्या महिन्यात अग्निशामकांच्या बैठकीत त्याने ही गोष्ट स्वतःच सांगितली, खुराड्यासकट. माणसं पोट धरून हसली. बैठकीच्या चहाचं काम माझ्याकडे असतं; ती संपल्यावर मी कप विसळत होते, तेव्हा ट्रक चालवणारा डेस्मंड मर्व्हच्या मागे घुटमळताना दिसला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने हळूच विचारलं, "ते परवानग्यांचं पान म्हणालास... ते नक्की कुठे असतं रे?"