हमीदभाईंसमोरचा ग्लास

मी लिहिणारा माणूस नाही, हे आधीच सांगून वाचकांची क्षमा मागतो. एकतीस वर्षे महाविद्यालयात भूगोल शिकवला. त्या काळात फळ्यावर जे लिहिले तेवढेच माझे लेखन, आणि तेही तास संपला की पुसले जात असे. ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे त्यांचा मी नातेवाईक नाही, त्यांच्या धर्माचा नाही, त्यांच्या व्यवसायातलाही नाही. शिवाय विषय व्हिस्कीचा... रविवारी सकाळी चहाबरोबर तो पुष्कळांना रुचणार नाही. तरीही लिहितो आहे, कारण एक वाक्य मी जिथे उच्चारायला हवे होते तिथे उच्चारले नाही. ते वाक्य असे : हमीदभाईंनी दारूचा एक थेंबही कधी तोंडात घेतला नाही.

सहा आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी त्यांच्या शेजारच्या बांगडीवाल्याचा फोन आला. नांदेडच्या जुन्या भागात हमीदभाईंचे अत्तराचे दुकान होते. "सर, हमीदभाई गेले," तो म्हणाला. "दुकान उघडलं, खुर्चीत बसले, आन् बसलेलेच ऱ्हायले." त्यावर मी काय विचारावे? "बाटल्यांची बुचं लावलीत का?" असे विचारले. अत्तर उडून जाईल अशी काळजी मला त्या क्षणी का वाटली, ते आजही सांगता येत नाही. बांगडीवाला हळूच म्हणाला, "लावतो, सर."

आमची ओळख एका फुलामुळे झाली. मी निवृत्त झालो तेव्हा परदेशी स्थायिक झालेल्या एका विद्यार्थ्याने मला स्कॉटलंडची व्हिस्की भेट दिली. अठ्ठावन्न वर्षांत मी मद्य चाखले नव्हते; ते तत्त्वामुळे नव्हे, संकोचामुळे. दुकानात जाऊन मागायचे कसे, हेच मला ठाऊक नव्हते. बाटलीच्या खोक्यावर लिहिले होते की या व्हिस्कीत मध आहे, टॉफी आहे आणि हेदर नावाच्या डोंगरी फुलाचा सुगंध आहे. स्कॉटलंडचा नकाशा मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढला होता, तिथल्या उंचवट्यांवर हेदर उगवते हे मुलांना सांगितलेही होते. पण तिचा वास कसा असतो, हे मला माहीत नव्हते. याची विलक्षण लाज वाटली. एक घोट घेऊन पाहिला, तर ओला चुना लागावा तशी जीभ चुरचुरली. फूल काही सापडले नाही. मी एकटा राहतो, विचारायचे कोणाला? म्हणून दुसऱ्या दिवशी अत्तराच्या दुकानाची पायरी चढलो.

"हेदरचं अत्तर मिळेल का?"

"खस हाय, हिना हाय, ऊद हाय," पांढऱ्या दाढीतून उत्तर आले. "हे हेदर कोन?"

घाबरलो की मला खोटे बोलता येत नाही. सगळी हकीकत सांगून टाकली. त्यांनी शांतपणे डोक्यावरच्या पाटीकडे बोट केले. 'आमच्या अत्तरात अल्कोहोल नाही' असे तिथे ठळक अक्षरांत लिहिले होते. "मास्तर दिसता. वाचता येत असंल." मी खजील होऊन वळलो, तेवढ्यात मागून आवाज आला. "अहो, थांबा की. कितीचं फूल हाय, न्हाई... कसं फूल हाय ते तर कळू द्या. पत्ता सांगून जा."

त्यानंतर दोन आठवडे ते आले नाहीत. तिसऱ्या रविवारी अकरा वाजता फाटकाची कडी वाजली. "दोन जुम्मे इचार करून राहिलो, सर," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "तोंडाला न्हाई, हाताला न्हाई. निसतं नाकापुरतं येतो. चालंल?"

अशी सुरुवात झाली आणि पाच वर्षे चालली. महिन्यातून एक रविवार, सकाळी अकरा. दुपारच्या जेवणाआधी नाक कोरे असते, असे त्यांचे म्हणणे. विद्यार्थ्यांना माझ्या या उशिराच्या छंदाची बातमी लागली होती, त्यामुळे कोणी ना कोणी बाटली आणून देई. वहीच्या डाव्या पानावर मी त्यांच्या नाकाचे बोल लिहीत असे, उजव्या पानावर माझ्या जिभेचे. दोन वासांच्या मध्ये ते मला स्वतःच्या बाहीचा वास घ्यायला लावत. "नाक घरी जाऊन येतं तेवढ्यात," ते सांगत. "मंग नव्या पाव्हन्याला बसायला जागा व्हती."

त्यांच्याजवळ पुस्तकी शब्द नव्हते, म्हणूनच त्यांचे शब्द मला पटत. एका बेटावरची व्हिस्की आली होती. मला तिच्यात दवाखान्यातल्या जखमेच्या पट्टीखेरीज काही जाणवत नव्हते. ते बराच वेळ डोळे मिटून राहिले आणि म्हणाले, "किनवटच्या रानात मोहाखालचा पाला जाळतात, फुलं येचायला जागा साफ व्हावी म्हनून. त्याचा धूर. पन सकाळचा न्हाई. दुसऱ्या दिवशी अंगातल्या सदऱ्याला येतो, तो." मी पुन्हा घोट घेतला. दवाखाना नाहीसा झाला होता, आणि मी कधीही न घातलेल्या एका सदऱ्याची चव जिभेवर उतरत होती... आपल्याच देशात तयार झालेल्या एका व्हिस्कीला ते "आंब्याची अढी, पन वरचं गवत उचलायच्या आधी" म्हणाले होते. काळपट लाल रंगाच्या एकीला "ईदच्या दुसऱ्या दिवशीचं पातेलं, खजूर संपला, बुडाला साखर ऱ्हायली". तिच्यासमोर मी 'सौम्य कडवटपणा, तिळाच्या चिक्कीचा करपलेला कोपरा' असे भीतभीत लिहिले. वाचून दाखवल्यावर ते हसले. "तुमची जीभ लई भित्री हाय, सर. कोपऱ्यातच बसती."

एकदा मात्र ते अडले. मऊ, धान्यासारखा वास होता. ओळखीचा वाटे, पण नाव सुचत नव्हते. माझे बालपण लातूरला एका डाळ मिलच्या मागे गेले. मी एक घोट घेतला आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्याआधी उत्तर दिले. तेलपाणी लावून उन्हात पसरलेल्या तुरीचा वास होता तो. "असं व्हय?" ते म्हणाले. "नाकाला दाखवल्याबिगर मी मान्य करनार न्हाई." पुढच्या आठवड्यात आम्ही खरोखर एसटीने लातूरला गेलो. मिलच्या अंगणात तूर वाळत घातलेली होती आणि दोन म्हातारे तिच्या कडेला वाकून उभे होते. मुकादम धावत आला. "तूर घ्यायचीय का, काका?" हमीदभाई सरळ होत म्हणाले, "न्हाई बाबा. वास घ्यायचा व्हता. घेतला." मग माझ्याकडे वळून मान हलवली. "हाव सर. हीच." परतीच्या प्रवासात अहमदपूरपर्यंत ते हे पुन्हा पुन्हा म्हणत होते. शिक्षक म्हणून मला पुष्कळ मुलांनी नमस्कार केले. पण उत्तर बरोबर आल्याचा आनंद मला त्या एसटीत मिळाला.

आता माझ्या चुकीकडे येतो.

पहिल्या रविवारी हमीदभाई खिशातून फाया घेऊन आले होते. फाया म्हणजे काडीला गुंडाळलेला कापूस. अत्तर हुंगायला देतात तो. "यावर दोन थेंब टाका अन् धरा माझ्यासमोर, बास," ते म्हणाले. पण मी तोवर एक इंग्रजी पुस्तक वाचले होते. व्हिस्कीचा वास निमुळत्या तोंडाच्या ग्लासातूनच घ्यावा, असे त्यात होते. शिवाय पाहुण्यासमोर कापसाची काडी धरायची आणि स्वतः ग्लास घेऊन बसायचे, हे मला असभ्य वाटले. मी आग्रह केला. माझ्या श्वासाने वास बिघडू नये म्हणून त्यांच्यासाठी वेगळा, दुसरा ग्लास भरून ठेवू लागलो. त्यांनी फाया मुकाट्याने खिशात ठेवला. ग्लासाला मात्र त्यांनी कधी बोट लावले नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते टेबलावर वाकत, नाक ग्लासावर नेत आणि डोळे मिटत. मग साडेबाराच्या सुमारास अंगणातल्या नळावर वजू करीत. हात धुवायचे, तीनदा चूळ भरायची, चेहरा, पाय... आणि दुपारच्या नमाजाला निघून जायचे.

माझ्या घराची खिडकी गल्लीकडे उघडते. गल्लीतून जाणाऱ्याला काय दिसत असेल? टेबलावर दोन भरलेले ग्लास, एकावर वाकलेला पांढऱ्या दाढीचा माणूस, आणि थोड्या वेळाने तोच माणूस नळावर खळखळून चुळा भरतो आहे. पाच वर्षांत हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. त्यांच्या मनात आला असावा. एकदा त्यांनी विचारले होते, "सर, खिडकी लावली तर?" मी म्हणालो, उकडेल. ते "हाव, उकडंल" म्हणाले आणि पुन्हा कधी बोलले नाहीत.

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जियारत, म्हणजे मृतासाठीचे पठण होते. अंगणात सतरंजीवर पुरुष मंडळी बसली होती, पडद्याआड बायका. हमीदभाईंची एकुलती एक मुलगी नसरीन हदगावच्या शाळेत शिकवते, ती आत होती. पठण झाले, माणसे त्यांच्याविषयी चांगले बोलू लागली. माप कधी कमी दिले नाही, गरिबाच्या लग्नात अत्तर फुकट पाठवले, असे एकेक. तेव्हा माझ्याच गल्लीतले एक गृहस्थ उसासा टाकून म्हणाले, "मानूस सोन्यासारका व्हता. ते रविवारचं एक सोडलं, तर." कोणीतरी विचारले, "रविवारचं काय?" गृहस्थांनी फक्त माझ्याकडे पाहिले. मग सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिले. एका वयस्कर माणसाने हात वर केले. "जाऊ द्या. अल्ला माफ करनारा हाय."

मी बोलायला हवे होते. चार शब्द पुरे होते : ते प्यायचे नाहीत, हुंगायचे. पण इतक्या माणसांत, त्या अंगणात, व्हिस्की हा शब्द तोंडातून काढायचा... लोक माझ्याबद्दल काय म्हणतील, हा विचार त्या मृत माणसाच्या नावापेक्षा मोठा झाला. मी माझ्या पायमोज्यांकडे पाहत राहिलो. पडद्यामागची कुजबूज थांबली होती. माझे गप्प बसणे हेच सर्वांनी उत्तर मानले.

पंधरा दिवसांनी नसरीनचा फोन आला. तिचा आवाज शिक्षिकेचा होता. उत्तरपत्रिका हातात असताना असतो तसा.

"सर, एकच विचारायचंय. अब्बा पीत होते का?"

"नाही, बाळ. कधीच नाही." मग मी तिला सगळे सांगितले. फूल, फाया, दुसरा ग्लास, पाठीमागे बांधलेले हात, लातूरची तूर. तुरीच्या प्रसंगाला ती हसली, आणि ते हसू मध्येच फुटले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. पण सर, हे तुम्ही मला आज फोनवर सांगून राहिलात. अंगणात का नाही सांगितलं? तिथं माझे चुलते होते. अब्बांचे साठ वर्षांचे दोस्त होते. ते सगळे आता अब्बांसाठी माफी मागतात, सर. जे केलंच नाही, त्याची."

मी त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगतो, असे म्हणालो. ती थकलेल्या स्वरात म्हणाली, "आता घरोघरी सांगाल तर लोक म्हणतील, मुलीनं सांगायला लावलं. तुम्ही लिहा. तुम्हाला बोलता येत नाही, ते समजलं मला. लिहिता तर येत असंल?"

म्हणून हे लिहिले. नाव बदलावे का, असे तिला विचारले होते. "नका बदलू, सर. बदनामी नावानिशी झाली," असे तिने उत्तर दिले. माझे स्वतःचे नावही या लेखावर पूर्ण घालावे, असे संपादकांना कळवले आहे. मी व्हिस्की पितो. म्हणजे पीत होतो. गेल्या रविवारी अकरा वाजता बसून पाहिले. बाटली नवी होती, खोक्यावर बारीक अक्षरांत दहा-बारा फळे-फुले लिहिलेली होती. मी ती सगळी वाचली, घोट घेतला, आणि जिभेला फक्त तिखट पाणी लागले. वहीचे डावे पान कोरे असताना उजव्या पानावर काय लिहायचे, ते मला कळले नाही.

हमीदभाईंच्या भावांच्या, दोस्तांच्या घरी हे वर्तमानपत्र जाते. माझ्या गल्लीतही जाते. त्या सर्वांना, आणि ज्यांनी हमीदभाईंना कधी पाहिलेही नाही त्या वाचकांनाही, हात जोडून एवढेच विचारतो. ज्या माणसाला बोलायची वेळ होती तेव्हा बोलता आले नाही, त्याचे आजचे म्हणणे तुम्ही खरे मानाल का?